बदकांवरचं क्लिअर

प्रिय ठिपके,

माझं क्लिअर वॉर्निश पिवळं नाही. तू इथे येऊन सगळ्यांसमोर नाक मुरडून गेलीस तेव्हा नव्हतं, आणि आज लिहायला बसायच्या आधी डबा उघडून परत बघितला तेव्हाही नव्हतं. तुला काही म्हणायचं होतं तर मला म्हणायचं होतंस. मी काय घरात नव्हते? पण नाही, तू दादाला चिठ्ठी धाडलीस. तीही परत पाठवलेल्या बाकाच्या पायाला सुतळीनं बांधून. त्यात काय, तर पुढच्या कामाला वहिनीचा हात लावू देऊ नकोस, तिचं क्लिअर पिवळं पडतं, मी इथेच कुणाकडून तरी मारून घेईन. तुझ्या दादानं ती जेवताना वाचून दाखवली, घडी घालून ताटाखाली सरकवली आणि मला म्हणाला, बघ बाई. एवढंच. इतक्या वर्षांच्या कामावर तू बोळा फिरवलास आणि नवऱ्याच्या तोंडून काय आलं तर बघ बाई. आणि चिठ्ठी तरी स्वतः लिहावीस. ती तुझ्या सुनेच्या अक्षरात. भांडायलासुद्धा माणूस लावलंस तू.

माझं अक्षर मोठं आहे म्हणून हसू नकोस. चौथीच्या पुढे मी गेले नाही हे तुला नवं नाही, आणि घरात पेन म्हणून सापडलं ते दादाचं फळीवर खुणा करायचं जाड काळं पेन. पानं भराभर संपतायत. कागद संपला तर पुठ्ठ्यावर लिहीन, पण आज सगळं सांगून मोकळी होणार आहे. फोन केला असता, पण फोनवर तू नुसतं हं हं करतेस आणि माझं बोलणं रंगात आलं की गॅसवर दूध आहे म्हणून ठेवून देतेस. तुझ्याकडे रोज एवढं दूध येतं कुठून?

आता बाकांचं घे. दातांच्या डॉक्टरीणबाईंना दवाखान्यात लहान मुलांसाठी बुटके बाक हवे होते. तुझ्या दादानं जीव ओतून केले, कोपरे घासून असे गोल केले की कुणाचं कपाळ आपटलं तरी खोक पडायची नाही. तिकडे तुझ्याकडे पाठवले, तू पाठीवर पाण्यात पोहणारी बदकं काढलीस, ते परत आले, आणि मग माझं काम. रंग नीट वाळू दिला. तू घाई करशील, मी करत नाही, हे एकच काम असं आहे की ज्यात मी घाई करत नाही. पहिला हात मारला, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरनं नुसतं गोंजारल्यासारखं घासलं, ओल्या फडक्यानं धूळ टिपली, दुसरा हात, परत घासणं, तिसरा हात. बुडबुडा नाही, ओघळ नाही, केस नाही. बाक टेंपोत चढायला दारात उभे होते आणि तू नेमकी त्याच दिवशी आलीस. मी म्हटलं, बरं झालं, स्वतःच्या डोळ्यांनी बघ. तू पिशवीही खाली न ठेवता वाकलीस, बदकाला नाक लागेल इतकी जवळ गेलीस, आणि टेंपोवाल्यासमोर, दवाखान्याच्या माणसासमोर म्हणालीस, "वहिनी, बदकं पिवळी केलीस गं."

टेंपोवाला हसला. त्याला काय कळतंय, पण हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दादा मध्ये पडला, तर तू त्याचंही ऐकलं नाहीस. त्यातला एक बाक हट्टानं बाजूला काढून घेतलास, जाताना बरोबर नेलास, आणि चार दिवसांत सगळी बदकं वरून नव्यानं रंगवून परत पाठवलीस. वरून म्हणजे माझ्या क्लिअरवरून. न घासता. अगं, क्लिअरवर पेपर न मारता रंग? तू? हे मला शिकवलं कुणी? गुळगुळीत अंगाला रंग धरत नाही, आधी त्याला जरा खरवडून घ्यावं लागतं, हे माझ्या कानीकपाळी ओरडणारी बाई कोण होती? परवा नखानं कड नुसती उचलली, तर एका बदकाची अख्खी शेपटी उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी निघून हातात आली. ती मी जपून ठेवली आहे. आलीस की दाखवते.

तुला वाटेल मी स्वतःची बाजू घेते. घेतेच, दुसरं कोण घेणार आहे? पण आधी मी स्वतःच्याच पाठी लागले होते. तुला ते ढगांचं कपाट आठवत असेल. तेव्हा आपण तेलातलं वॉर्निश मारत होतो आणि तुझे पांढरेशुभ्र ढग पावसाळा संपेपर्यंत चहाच्या रंगाचे झाले. तेव्हा तू ओरडलीस ते खरं होतं. तेलातलं पिवळं पडतंच. आकांडतांडव न करता मी डबा बदलला आणि पाण्यातलं क्लिअर आणायला लागले, जे डब्यात दुधासारखं दिसतं आणि वाळलं की असून नसल्यासारखं होतं. तेव्हापासून आजपर्यंत एक तक्रार नाही. म्हणून या खेपेला म्हटलं, डबा बिघडला असेल. नवा आणला. ब्रशात जुनं तेल राहिलं असेल म्हणून नवा ब्रश आणला, त्याचे केस गळायला लागले, चिमट्यानं एकेक उचलत बसले आणि दुकानदाराच्या सात पिढ्या काढल्या. मग लाकडावर संशय घेतला. फळीत गाठ असली की तिचा तांबूस डाग पांढऱ्यातून वर येतो, ते खरं, पण तो डाग असतो, अख्खं बदक कशाला पिवळं होईल? तरी मी दादाला विचारलं की तू गाठीची फळी घातलीस का, आणि तो संध्याकाळपर्यंत रुसून बसला. रुसला हे मला उशिरा कळलं, कारण एरवीही तो बोलतो कुठे.

शेवटी काच घेतली. कारखान्याच्या मागे जुन्या खिडकीचं तावदान पडलं होतं, ते काढलं. आधी घासून घासून पुसलं. अर्ध्या काचेवर क्लिअरचे तिन्ही हात मारले, अर्धी कोरी ठेवली, वाळल्यावर पांढऱ्या कागदावर ठेवली आणि कागद उन्हात घेऊन बसले. ठिपके, कुठे क्लिअर सुरू होतं आणि कुठे संपतं ते मला बोटानं चाचपून शोधावं लागलं. डोळ्यांना फरक दिसेना. दादाला दाखवलं, त्यालाही दिसेना. टेंपोवाला आला होता, मुद्दाम त्यालाही दाखवलं, त्यालाही दिसेना. आता हस म्हटलं.

तुला राग येईल, पण तुमच्या घराची ही रीतच आहे. काही बिघडलं की सुनेनं बिघडवलं. आईंचं तेच. मी नवी होते तेव्हापासून नव्हे, खोटं कशाला बोलू, नवी असताना त्या माझ्याशी बऱ्या होत्या. पण नंतर नंतर त्यांनी त्या खिडकीच्या काचांवरून माझा जीव खाल्ला. रोज सकाळी खिडकीशी शिवण घेऊन बसायच्या आणि बसल्या बसल्या सुरू. काचा पूस गं, धूर बसलाय. मी पुसायची. ओल्या फडक्यानं पुसायची, मग कोरड्या कागदानं, मग स्टुलावर चढून बाहेरून. उतरून आले की, परत तेच, नीट पूस गं, मळभ तसंच आहे. शेजारणींना सांगायच्या, आमच्या सुनेला कामाचा कंटाळा. मी दिवा बदलला, जास्त उजेडाचा आणला, तर म्हणाल्या पिवळा आणलास. एकदा तू माहेरी आली होतीस, तू स्वतः काचेवर बोट फिरवलंस आणि म्हणालीस, आई, स्वच्छ आहे की. तर तुझ्यावर उलटल्या, वहिनीनं फितवली म्हणाल्या. त्या दिवशी मागच्या ओट्यावर आपण दोघी तोंडात पदर कोंबून हसलो होतो. आठवतं ना?

तिथेच तर तू मला ब्रश धरायला शिकवलंस. मी या घरात आले तेव्हा मला लाकडातलं काय येत होतं? दादा करवत चालवायचा, तू फुलं-पानं काढायचीस आणि मी केर काढायची. तू म्हणालीस, वहिनी, शेवटचा हात तू मार. मी ट्रेवर असा ब्रश घासला की बुडबुड्यांचा फेस आला, आणि तू म्हणालीस, चादरी धुतेस काय गं. मग माझ्या मागे उभी राहिलीस, माझ्या मनगटावर तुझा हात ठेवलास आणि ब्रश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका दमात नेलास. मध्ये थांबायचं नाही, परत फिरायचं नाही. ओलं आहे तोवर काय ते बघायचं, वाळायला लागलं की हात आवरायचा. मला आयुष्यात कुणी एवढ्या शांतपणे काही शिकवलं नव्हतं. शाळेत तर नाहीच, तिथे छडीच होती. तेव्हापासून तू काढायचं आणि मी झाकायचं. लोक येतात, बदकं बघतात, फुलं बघतात, तुझं नाव काढतात. माझं कुणाला दिसत नाही आणि दिसू नयेच, दिसलं तर बिघडलं. मी त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. पण मग ज्या बाईनं शिकवलं तिनंच म्हणावं की पिवळं झालं, आणि माझ्या हातातून काम काढून तिऱ्हाइताला द्यावं, हे मी कसं गिळू? तुझं तिकडचं ते कुणीतरी, ते काय तुझ्या बदकांच्या पिसांतल्या बारीक रेघा सांभाळणार आहे? ब्रश एकदा जोरात दाबला की निळं पांढऱ्यात ओढलं जातं.

तर पुढे ऐक. तुझा तो वरून रंगवलेला बाक मी दवाखान्यात पोचवला. म्हटलं, बघू दे त्यांनाच, त्या काय ते ठरवतील. मला वाटलं होतं, आता त्याही म्हणणार, हे छान, बाकीचे पिवळे. डॉक्टरीणबाईंनी बाक उजेडात ओढून घेतला, कपाळाला आठ्या घातल्या आणि खणातून एक पट्टी काढली. तू बघितली आहेस का? तिला ओळीनं खोटे दात लावलेले असतात, प्रत्येक दात वेगळ्या पांढऱ्याचा. कुणाला दात बसवायचा असला की तोंडात धरून त्याचा रंग जुळवतात. ती पट्टी घेऊन त्या बदकांपुढे उकिडव्या बसल्या. आधी माझ्या, म्हणजे माझ्या क्लिअरच्या बदकांना पट्टी लावली आणि म्हणाल्या, हा झाला पांढरा, ओढून ताणून. मग तुझ्या नव्यांना लावली. एकेक दात धरून बघितला, एकही जुळेना. म्हणाल्या, "असा दात माणसाच्या तोंडात नसतो, बाई. ही निळी आहेत."

मला तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं. दातांच्या डॉक्टरणीनं, जिचा दिवस पांढरं बघण्यात जातो, तिनं सांगितलं की पिवळं काही नाही, तुझंच निळं आहे. तो बाक आणि दाखवायला आधीच्यातला एक, असे दोन्ही घेऊन निघाले ते अशा तोऱ्यात, की घरी जाऊन दादाला आधी हे सांगायचं आणि मग तुला फोन करून दूध उतू जाईपर्यंत ऐकवायचं. पण टेंपोत बसले, बाक माझ्यासमोर, बदकं माझ्याकडे बघतायत, आणि तोरा कुठेतरी अडकला. तुझा पांढरा मला ठाऊक आहे, ठिपके. इतकी वर्षं मी त्याच्यावरून ब्रश फिरवते आहे. तुझा पांढरा निळा नसतो.

घरी आल्यावर दादाला काही बोलले नाही. स्वयंपाकघरातला जुना ट्रे काढला, मी फेस केला होता तोच. मग माळ्यावरचं, फळीवरचं, विकायला ठेवलेलं, जे जे तुझ्या हातचं सापडलं ते सगळं उजेडात ओळीनं मांडलं. प्रत्येकावर खाली कोपऱ्यात तुझा पांढरा ठिपका. लहानपणापासून हात लावशील तिथे ठिपका द्यायचीस म्हणून दादानं तुला ठिपकी म्हटलं, आणि मग तीच तुझी सही झाली. जुन्या ट्रेवर ठिपका पांढरा होता. त्यानंतरच्या स्टुलावर पांढरा. मागच्या हिवाळ्यातल्या घड्याळावर किंचित, अगदी किंचित निळसर. त्यानंतरच्या आरशाच्या चौकटीवर आणखी जरा. आधीच्या बाकावर त्याहून जास्त, आता शेजारी ठेवल्यावर दिसलं, म्हणूनच बाई ओढून ताणून म्हणाल्या असणार. आणि तू परत रंगवलेल्या बाकावर तर चक्क निळा. कुणी पांढऱ्या कपड्यांना दर धुण्याला थोडी थोडी जास्त नीळ घालत जावं तसं. आणि त्या बाकावर ठिपके दोन आहेत. एक जागेवर, आणि एक त्याच्या जरासा बाजूला, जागा शोधताना चुकून टेकल्यासारखा. तू बाकी कशात चुकशील, ठिपक्यात चुकत नाहीस.

मी मांडलेल्या त्या ओळीसमोर खाली बसले आणि मग एकेक गोष्ट आपली आपण येऊन बसायला लागली. तू आली होतीस तेव्हा नेहमीसारखी खिडकीकडे तोंड करून न बसता पाठ करून बसलीस, ऊन सलतं म्हणालीस. चहा मी तुलाच गाळायला सांगितला, तो कप भरून बशीत आला तरी तू ओततच होतीस, आणि मग हसून म्हणालीस की लक्ष नव्हतं. कारखान्याच्या पायऱ्या उतरताना माझ्या खांद्यावर हात टाकलास. मला वाटलं, आज हिला इतकं प्रेम कुठून आलं. बदकाला नाक लागेपर्यंत वाकलीस. पेपर न मारता रंग लावलास, म्हणजे घासलंय की नाही हेही बघितलं नाहीस. आणि चिठ्ठी सुनेच्या अक्षरात.

सूनबाई, हे तू वाचून दाखवत असशील तर आता थांब. तुझ्यावर माझा राग नाही. पण इथून पुढचे कागद तुझ्या सासूच्या हातात दे आणि आत जाऊन काहीतरी काम कर. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, त्यांना जमेल. नाही जमलं, तर तेही मला कळायला हवं आहे.

ठिपके, आता आपण दोघीच. परवा ती काच मी का पुसत होते माहीत आहे? माझा काही दोष नाही हे दाखवायला. फडकं हातात, काच हातात, घासते आहे, उजेडात धरून बघते आहे, परत घासते आहे, आणि मला एकदम मागचा तो स्टूल आठवला. अशीच मी उभी असायची. काच स्वच्छ असायची, आणि आतून आवाज यायचा, नीट पूस गं. शेवटी आपण आईंना दवाखान्यात नेलं ते त्या उंबरठ्यावर पडल्या म्हणून. गुडघा दाखवायला नेलं आणि त्या डॉक्टरनं बॅटरी डोळ्यांत मारली. मोतीबिंदू पिकून गेला होता, एक डोळा कायमचा गेला होता, आणि दुसरा अर्धामुर्धा उरला. तू आत होतीस, मी दाराशी होते, तरी मला ऐकू आलं. डॉक्टरनं विचारलं, आजी, आधी का नाही आलात. आणि आई अगदी साधेपणानं म्हणाल्या, "मला वाटायचं, काचाच मळल्यात."

त्या लपवत होत्या असं नाही. त्यांना खरंच मळलेलंच दिसत होतं. तुलाही खरंच पिवळी दिसली असणार, आणि ती पांढरी दिसावीत म्हणून तू निळं वाढवत गेलीस. म्हणून आता तुझ्यावर चिडावं तर धड चिडताही येत नाही, आणि मला न चिडता काही करता येत नाही हे तुला ठाऊक आहे. पण तू आई नाहीस. तुला ठाऊक आहे. चहा सांडला तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर जे आलं ते मी बघितलं होतं, फक्त तेव्हा मला वाचता आलं नाही. तू घाबरली आहेस. आईंना दवाखान्यातून परत आणताना तू त्यांचा हात धरला होतास, त्या तुला विचारत होत्या की अजून उजेड आहे का, आणि बाहेर टळटळीत ऊन होतं. त्यानंतर त्या विषयावर तू कधी बोलली नाहीस. तुला वाटतं, दाखवायला गेलीस की तेच ऐकायला मिळेल. अगं, त्यांना उशीर झाला होता म्हणून तसं ऐकावं लागलं. मी त्या दातवाल्या बाईंनाच विचारलं, दुसरं कोण आहे माझ्या ओळखीचं डॉक्टर. त्या म्हणाल्या, त्यांच्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन वेळेवर झालं आणि आता ते पेपरातल्या चुका काढत बसतात. मात्र आधी नीट तपासून घ्या म्हणाल्या, डोळ्यांच्या डॉक्टरचा पत्ताही दिला. तो माझ्या बटव्यात आहे. तुझ्या दादाला मी यातलं अक्षर सांगितलेलं नाही. त्याला कळलं तर रंधा टाकून आहे तसा धावत येईल आणि तुझ्याकडे बघत नुसता उभा राहील, ते तुला सोसणार नाही.

या पत्राबरोबर पुठ्ठ्यात गुंडाळून एक छोटी फळी पाठवते आहे. तिच्यावर दोन पट्टे आहेत. एक नव्या डब्यातला निखळ पांढरा, कशात काही न मिसळता. दुसरा तू बाकाला लावलास तसा, मी जुळवून जुळवून केलेला, बाईंनी निळा म्हटलेला. क्लिअर दोन्हीवर सारखं मारलंय, तीन हात, कारण तुझी बोटं मला माहीत आहेत, एकावर मारलं असतं तर चाचपून सांगितलं असतंस. खिडकीशी जा, उजेडात धर आणि कुठला पांढरा ते सांग. वरचा की खालचा, एवढंच. सुनेला विचारायचं नाही, मुलाला नाही, शेजारणीला नाही. बरोबर सांगितलंस तर तू जिंकलीस. माझंच क्लिअर वाईट, माझंच डोकं फिरलेलं, तुझं काम तू म्हणशील त्याला दे, मी परत ब्रश लावणार नाही, सगळ्यांसमोर, त्या टेंपोवाल्यासमोरसुद्धा, तुझी माफी मागेन. आजवर मी तुझ्याशी भांडले ते जिंकायलाच भांडले. या खेपेला मला हरायचं आहे. आणि चुकलीस, किंवा दोन्ही सारखेच दिसले, तर गप्प बसायचं नाही, तेच तसं लिहायचं. तो बाक मी खरवडून कोरा केलाय, त्याच्यावर परत बदकं तुलाच काढायची आहेत, डॉक्टरीणबाई थांबायला तयार आहेत. मला शनिवारपर्यंत उत्तर हवं. तुझ्या हातचं, कितीही वेडंवाकडं असलं तरी तुझ्या हातचं. शनिवारच्या टपालात आलं नाही, तर रविवारी पहिल्या गाडीनं मी तुझ्या दारात उभी असेन, आणि मग दूध उतू जातंय हे मला सांगायचं नाही. शनिवारपर्यंत लिही, वरचा की खालचा.

तुझीच,
वहिनी